पात्रता आधी की संधी आधी?

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातली गावे रिती होऊ लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणे, शेळ्या आणि लहान लेकरे चढतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, आणि तो कोयता कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत परगावीच. मागे म्हातारी माणसे आणि जनावरे राहतात. ज्या घरातले पोर कॉलेजात शिकते, तिथे घराचा सगळा भार त्याच्या किंवा तिच्या अंगावर पडतो.

याच आठवड्यांत जीवविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे वर्षातले महत्त्वाचे फॉर्म सुटलेले असतात. फेब्रुवारीत होणाऱ्या ‘गेट’चे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरपासून भरून घेतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रवेश परीक्षेतून मुंबईत आणि बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये जीवशास्त्रात पीएचडी करता येते. तिचेही अर्ज पावसाळा सरता सरता निघतात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. एमएस्सीच्या पहिल्या वर्षातली मुले-मुली तिच्या आधाराने नावाजलेल्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करू शकतात, कॉलेजातल्या प्राध्यापकांनाही ती घेता येते. काम उन्हाळ्यातले असले तरी अर्ज दिवाळीच्या आगेमागे करावा लागतो. सीएसआयआर-नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर अशी ठरलेली. डिसेंबरच्या परीक्षेची गडबडही याच काळातली. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झालेला ‘आविष्कार’ हा संशोधन महोत्सवही हिवाळ्यातच जिल्हा आणि विद्यापीठ या पायऱ्या चढत राज्य पातळीवर पोचतो. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला पुण्या-मुंबईच्या अनेक संस्था आपल्या प्रयोगशाळा विद्यार्थ्यांना पाहायला मोकळ्या करतात. तेव्हा वडवणीचे आईबाप कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असतात.

‘नेट निघणे’ म्हणजे काय, हे ज्याने ते पाहिले त्यालाच कळते. जीवविज्ञानाचा पेपर तीन तासांचा, दोनशे गुणांचा. अभ्यासक्रमाचे तेरा घटक, पेशीतल्या रेणूंपासून थेट परिसंस्थेपर्यंत. प्रश्न इंग्रजीत आणि हिंदीत. त्यातून जेआरएफ लागली की संशोधन करताना पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात, पुढे ४२,०००. १ जानेवारी २०२३ पासूनचा हा दर आहे. वर्षभराची उचल फेडताना पाठ मोडून घेणाऱ्या घरासाठी ही रक्कम काय आहे, हे समजावून सांगण्याची गरज नाही. २०२४ पासून यूजीसीने पीएचडीच्या प्रवेशालाही नेटचे गुण ग्राह्य धरले, त्यामुळे परीक्षेचे वजन आणखी वाढले. त्याच वर्षी जूनची सीएसआयआर-नेट ऐन चार दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली गेली आणि जुलैच्या अखेरीस झाली. परगावी खोली घेऊन तयारी करणाऱ्या मुलांना तो एक महिना केवढ्याला पडला असेल! शिवाय सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या संशोधन फेलोशिप आहेत. मोठ्या कष्टाने मिळालेल्या या योजनांसाठी विद्यार्थ्यांना पुण्या-मुंबईत आंदोलनालाही बसावे लागले आहे.

एवढे सगळे असूनही शिकलेल्या माणसांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते: ज्याच्यात धमक असते तो कुठूनही पोचतो. या वाक्याच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. माणूस आधी पात्र असतो आणि मग त्याला संधी मिळते, की संधी मिळाल्यावर तो पात्र होतो?

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न ‘अधिकार’ या नावाने शेकडो वर्षे घोळवला आहे. वेदान्तातला ग्रंथ सुरू होतानाच चार गोष्टी ठरवून घेण्याची रीत आहे: विषय कोणता, प्रयोजन काय, संबंध कसा आणि अधिकारी कोण. शंकराचार्यांनी अधिकाऱ्याची लक्षणे सांगितली ती मनाच्या घडणीची आहेत. नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक, वैराग्य, शम-दमादी संपत्ती आणि मोक्षाची तळमळ. इथपर्यंत हा विचार उदात्त आहे. ज्याला तळमळ नाही त्याच्यापुढे ज्ञान मांडून उपयोग नाही, हे कोणत्याही शिक्षकाला पटेल. परंतु वेदान्ताचा पाया असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाही असे ठरवणारे एक प्रकरण आहे आणि आचार्यांचे भाष्य ते मान्य करते. तळमळीची कसोटी तिथे जन्माच्या कसोटीपुढे हरली.

छांदोग्य उपनिषदातली सत्यकाम जाबालाची गोष्ट या वादाच्या केंद्रस्थानी आहे. मुलगा गौतम ऋषीकडे शिकायला जातो. गौतम गोत्र विचारतो. मुलगा आईने सांगितले तेच सांगतो: तरुणपणी अनेकांच्या घरी सेवा करताना तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. एवढे खरे बोलणारा मुलगा गौतम ठेवून घेतो. सूत्रकाराने या कथेचा अर्थ असा लावला की, सत्यकाम शूद्र नाही याची खात्री पटल्यावरच गौतमाने त्याला शिकवले. अर्थ लावण्यात केवढे सामर्थ्य असते पाहा. ज्या कथेने दार उघडायचे, तीच दाराला अडसर म्हणून लावली गेली.

कथेचा पुढचा भाग मात्र फारसा चर्चेत येत नाही. गौतम त्याला चारशे रोड, अशक्त गाई देतो आणि रानात पाठवतो. हजार झाल्याशिवाय परतायचे नाही असे सत्यकाम स्वतःच ठरवतो. तिथे त्याला बैल शिकवतो, अग्नी शिकवतो, हंस शिकवतो, पाणकोंबडीसारखा एक पक्षी शिकवतो. तो परततो तेव्हा त्याचा चेहरा ब्रह्मज्ञान्याचा झालेला असतो. प्रवेशाच्या वेळी त्याच्याकडे खरे बोलण्याखेरीज काहीही नव्हते. बाकीची सगळी पात्रता प्रवेशानंतरच्या वर्षांत, गुरे राखता राखता आणि पशुपक्ष्यांकडे पाहता पाहता घडली. जीवविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही कथा जवळची वाटावी.

बीड जिल्ह्याला तर हा वाद परका नाहीच. अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. परंपरेने ११८८ सालचा मानला जाणारा त्यांचा ‘विवेकसिंधु’ ब्रह्मविद्या मराठीत आणतो. संस्कृत येते का, ही प्रवेश परीक्षाच त्यांनी काढून टाकली. पुढच्या शतकात चक्रधरांनी स्त्रियांना आणि सर्व जातींच्या लोकांना आपल्या महानुभाव पंथात घेतले. प्रश्न विचारून विचारून गुरूंना बोलते करणारी महदाइसा ‘लीळाचरित्रा’त भेटते आणि पुढे तीच मराठीची आद्य कवयित्री ठरते. तिला आधी पात्रता सिद्ध करायला सांगितले असते, तर तिचे धवळे आज कुणी गायले असते?

आता हाच प्रश्न खुद्द जीवविज्ञानाला विचारून पाहावा, कारण त्याने त्याचे उत्तर प्रयोगाने शोधले आहे.

१९६९ साली अमेरिकेत आर्थर जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने गोऱ्या-काळ्या मुलांच्या बुद्ध्यंकातला फरक बहुतांशी आनुवंशिक असावा असे सुचवले. पुढच्याच वर्षी रिचर्ड लेवाँटिन या आनुवंशशास्त्रज्ञाने त्याला उत्तर दिले आणि ते देताना मक्याचे एक पोते समोर ठेवले. एकाच पोत्यातून दोन मुठी बी घ्या. एक मूठ सकस मातीत पेरा, दुसरी निकस मातीत. सकस वाफ्यात काही रोपे उंच होतील, काही बुटकी. माती सगळ्यांना सारखीच असल्यामुळे त्यांच्यातला फरक बियाण्याचा म्हणता येईल. निकस वाफ्यातही तसेच. परंतु एका वाफ्याची सरासरी दुसऱ्यापेक्षा कमी भरली, तर तो फरक निव्वळ मातीचा. एका वाफ्याच्या आतले गणित दोन वाफ्यांच्या तुलनेला लावणे ही तर्काची चूक आहे, हे लेवाँटिनने दाखवून दिले. पोते एकच होते, हे त्याच्या युक्तिवादाचे मर्म.

वडवणीच्या शेतकऱ्याला हे सांगायला अमेरिकेतला शास्त्रज्ञ लागत नाही. माळावरची बाजरी आणि नदीकाठच्या काळ्या रानातली बाजरी एकाच पिशवीतली असली तरी कणसे सारखी येत नाहीत, हे तो जाणतो. तरीही नेटच्या निकालाची यादी पाहताना दोन वाफ्यांतला फरक तोच शेतकरी आपल्या लेकीच्या बुद्धीवर टाकतो, याचे वाईट वाटते.

दुसरा प्रयोग याहून बोलका आहे. क्लाउसेन, केक आणि हीसी या तिघांनी १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियात अकिलिया नावाच्या रानटी झाडाची रोपे घेतली आणि प्रत्येक रोपाचे तुकडे करून ते तीन उंचींवर लावले: समुद्रसपाटीजवळ, सुमारे १,४०० मीटरवर आणि सुमारे ३,००० मीटरवर. प्रत्येक झाड तिन्ही ठिकाणी तेच होते, जनुके तीच होती. परंतु एका ठिकाणी सर्वांत उंच वाढलेले झाड दुसऱ्या ठिकाणी सर्वांत उंच राहिले नाही, क्रमवारीच बदलली. सर्व परिस्थितीत ‘सर्वोत्तम’ ठरेल असे झाड त्यांना सापडले नाही. ज्याला आपण गुणवत्ता यादी म्हणतो, ती झाडाइतकीच जागेचीही असते.

यावर आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. सगळे श्रेय मातीला दिले तर माणसाच्या कष्टाचे काय? पहाटे तीनला उठून, गुरांचे करून, एसटीने बीडला बलभीम किंवा केएसके महाविद्यालय गाठणाऱ्या आणि रात्री मोबाइलच्या उजेडात जैवरसायन वाचणाऱ्या मुलीला ‘तुझे काही नाही, सगळे परिस्थितीचे’ असे सांगणे हा तिचा अपमानच आहे. समर्थ रामदासांनी प्रयत्नालाच देव मानले ते उगीच नाही. आणि लेवाँटिनचा युक्तिवादही प्रयत्न नाकारत नाही. वाफ्याच्या आत रोपारोपांत फरक असतोच, हे तो मान्य करून पुढे जातो. नाकारायचे ते एवढेच की, प्रयत्न करूनही जो मागे राहिला त्याच्या मागे राहण्याचे सगळे कारण त्याच्या आत शोधावे.

कर्मसिद्धान्ताची अडचण इथेच येते. प्रारब्ध आणि क्रियमाण असा भेद करून परंपरेने माणसाच्या हाती थोडे स्वातंत्र्य ठेवले खरे, परंतु लोकव्यवहारात ‘नशिबात असेल तर निघेल नेट’ एवढेच उरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या समजुतीवर नेमके बोट ठेवले आहे. मागच्या जन्माच्या कर्मामुळे या जन्मीची गरिबी येते असे मानण्याचा एकच उपयोग दिसतो: गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता येते. हे लिहिणाऱ्या माणसाला १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाता आले ते महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीमुळे. बुद्धी बाबासाहेबांची, कष्ट बाबासाहेबांचे, परंतु ते साडेअकरा पौंड नसते तर काय झाले असते हा विचार मनात आणूनच पाहावा. त्या ऋणाची फेड त्यांनी मराठवाड्यात केली. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागणाऱ्या या प्रदेशात १९५० साली त्यांनी औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर आठ वर्षांनी, २३ ऑगस्ट १९५८ रोजी आले. वडवणीच्या विद्यार्थ्याच्या पदवीवर आज बाबासाहेबांच्याच नावाच्या विद्यापीठाची मोहोर असते.

जीवविज्ञानातले उदाहरण हवे असेल तर कमला सोहोनींचे घ्यावे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्या, म्हणजे तेव्हाच्या कमला भागवत, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, तेव्हा वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेतले. त्याच कमलाबाईंनी १९३९ साली केंब्रिजची पीएचडी मिळवली. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असते आणि श्वसनात भाग घेते, हे त्यांचे संशोधन. त्यांची पात्रता १९३३ साली रामन यांना दिसली नाही. नोबेल मिळवलेल्या डोळ्यांनाही जे आधी दिसले नाही, ते वडवणीच्या एखाद्या मुलीच्या बाबतीत निवड समितीला मुलाखतीच्या वीस मिनिटांत दिसेलच, असे कशावरून धरून चालायचे?

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि खरे तर तीच सर्वांत जड आहे. आतापर्यंत संधीकडे आपण विद्यार्थ्याचे हित म्हणून पाहिले. तिच्यात विज्ञानाचेही हित आहे. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पाहणीत ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. इतक्या स्त्रियांच्या शरीरांवर काय गुदरले, कोणत्या दुखण्याला शस्त्रक्रिया हाच इलाज म्हणून सांगितला गेला, फडातले ओझे, पाणी आणि पाळीच्या दिवसांतली स्वच्छता यांचा त्यात किती वाटा, हे जीवविज्ञानाचे प्रश्न आहेत. मुंबईत परळला प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. ज्या मुलीच्या आईचे गर्भाशय तिशीत काढले गेले, ती मुलगी त्या संस्थेत संशोधक म्हणून दाखल झाली तर ती काय विचारेल? जे विचारायचे इतरांना सुचलेच नाही, ते ती विचारेल.

बोंडअळीचेही तसेच. बीटी कापूस २००२ साली देशात आला तो बोंडअळीपासून सुटका म्हणून. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने त्याच बीटी कापसाची महाराष्ट्रभर बोंडे पोखरली. अळी बीटीच्या विषाला पुरून उरेल अशी उत्क्रांत झाली होती. डार्विनचा सिद्धान्त वडवणीच्या मुलांनी पुस्तकात वाचण्याआधी घरच्या रानात पाहिला. ज्याने तो तोटा घरात सोसला, त्याच्या हाती डीएनए अनुक्रम वाचण्याचे तंत्र देणे हे ज्ञानाच्याच फायद्याचे आहे. संभाजीनगरच्या विद्यापीठात सजीवांच्या डीएनए बारकोडिंगचे केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. अंतर फार नाही. माहिती मात्र पोचत नाही.

माहिती का पोचत नाही, याचे उत्तर महात्मा फुल्यांनी १८८२ सालीच देऊन ठेवले आहे. हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी इंग्रज सरकारच्या धोरणावर टीका केली. वरच्या वर्गाला शिकवा म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल, ही ती कल्पना. ज्ञान झिरपले नाही, हे फुल्यांनी पाहिले होते. आज फेलोशिपची सूचना इंग्रजीत संकेतस्थळावर निघते, मोठ्या विद्यापीठांच्या विभागांत आणि पुण्याच्या वसतिगृहांत पहिल्या दिवशी पोचते, आणि तालुक्याच्या गावी कधी शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री एखाद्या गटावर येऊन पडते. तोवर नॉन-क्रीमीलेअर काढायला वेळ उरत नाही, शिफारसपत्र देणारे सर गावी गेलेले असतात. मग फॉर्म राहतो आणि ‘आमची पोरे पुढे येत नाहीत’ असे म्हणायला लोक मोकळे होतात.

माणूस ऋषिऋण घेऊन जन्मतो आणि शिकून-शिकवून ते फेडतो, असे वैदिक परंपरा सांगते. एका वैदिक वचनात ते ब्राह्मणापुरतेच सांगितले आहे. आज ते शिकलेल्या प्रत्येकाला लागू आहे. संत भगवानबाबा कीर्तनातून जमीन विकावी लागली तरी पोरांना शिकवा असे सांगत, ही आठवण बीड जिल्ह्यात घराघरांत आहे, आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या सरकारी वसतिगृह योजनेला त्यांचेच नाव आहे. कीर्तनाच्या मंडपातून शिक्षणाची गोष्ट सांगण्याची परंपरा या मातीत असताना, सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी अन्नदात्यांची नावे पुकारतात त्याच ध्वनिक्षेपकावर सीएसआयआर-नेटची आणि अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपची शेवटची तारीख का सांगू नये? ज्ञानदान हे अन्नदानाच्या शेजारी बसवायला कोणत्याही संताची हरकत निघणार नाही.

मराठवाड्यातून नेट, सेट किंवा पीएचडी केलेली शेकडो माणसे आज पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत आणि परदेशात प्रयोगशाळांत काम करतात. त्यांना एक विनंती आहे. गणपती ते दसरा या दिवसांत गावी याल, तेव्हा आपल्या जुन्या कॉलेजात एक दुपार काढा. कोणता फॉर्म कधी सुटतो, कोणते दाखले आधी काढून ठेवायचे, अर्जात आपल्या कामाविषयी काय लिहायचे, हे मराठीत बसून सांगा आणि आपला फोन नंबर फळ्यावर लिहून या. कोण पात्र आहे हे तिथे ठरवू नका, वर्गात बसलेल्या सगळ्यांना सांगा. आणि हे टोळ्या निघायच्या आधी करा, कारण त्यानंतर त्या वर्गातली निम्मी बाके रिकामी असू शकतात.